ठाकोरजींची झोप आणि जुना ड्रायव्हर

सुरतेत उधन्याला एका कापडाच्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहापाणी करायची. आमचे हे त्याच ऑफिसचा टेम्पो चालवायचे. पलसाण्याच्या डाईंगमधून रंगवलेले ताके आणायचे आणि मार्केटात पोचवायचे. त्यांच्यामुळेच मला काम लागलं. शेठने विचारलं होतं, "घरात कोणी बाई आहे का कामाला?" तर हे म्हणाले, "आहे, पण बोलत नाही." शेठ म्हणाले, "मग तर पाहिजेच."

ते खरंच होतं. मी दोन वर्षं तिथे काम केलं आणि शेठशी दहा वाक्यं बोलले असेन तर खूप. "हो", "आणते", "साखर संपली", एवढंच. तेही खाली बघून. गुजराती मला सगळं समजायचं, पण तोंडातून काढायला गेलं की मध्येच अहिराणी यायची, आणि लोक हसतील म्हणून मी गप्पच बसायची.

ऑफिसात माणसं थोडी. केबिनमध्ये शेठ. बाहेरच्या खोलीत डाव्या हाताला मेहताजी, म्हणजे हिशोब लिहिणारे म्हातारे गृहस्थ. उजव्या हाताला चलान बनवणारी बेन. चलान म्हणजे मालाबरोबर जायचा कागद. तो हातात असल्याशिवाय टेम्पो हलायचा नाही. ही बेन अस्सल सुरती, तोंडाचा पट्टा सतत चालू, पण मनाची चांगली. स्वतःच्या डब्यातला अर्धा खमण ती मलाच द्यायची, आणि देताना म्हणायची, "खा, आणि आज तरी काही बोल. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं तुझ्याशी."

बाहेरची खोली आणि चहाची मोरी यांच्या मधल्या बोळात देवाची फळी होती. फळीवर ठाकोरजी, म्हणजे त्यांचा बाळकृष्ण. त्यांच्या दोन्ही बाजूंना विजेचे दोन छोटे लाल दिवे. सगळ्याचं बटन खालच्या बोर्डावर एकच. पहिल्याच दिवशी शेठने मला नियम सांगितला होता. सकाळी नऊला दिवे लावायचे, अगरबत्ती लावायची. साडेबाराला नैवेद्याचा थाळ दाखवून दिवे बंद करायचे आणि पडदा सरकवायचा, कारण दुपारी ठाकोरजी झोपतात. चारला परत उठवायचं. "वच्चे कोईए जगाडवा नहीं," शेठ म्हणाले होते. मध्येच कुणी उठवायचं नाही. मी दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. आमच्या गावाकडे देव दुपारी झोपत नाही, पण इथला देव श्रीमंत माणसाचा, झोपत असेल, असं मी मनात म्हणायची.

कॉम्प्युटर आधी एकच होता, मेहताजींच्या टेबलावर. त्याला प्रिंटर जोडलेला. मेहताजी त्या कॉम्प्युटरवर राग धरून होते. लाल वहीत आधी सगळं लिहायचे आणि मग तेच एका बोटाने कॉम्प्युटरात घालायचे. तेव्हा लोक म्हणत होते की दोन हजार साल लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. मेहताजी त्या दिवसाची वाट बघत होते.

मग शेठने बेनसाठी दुसरा कॉम्प्युटर आणला, पण प्रिंटर दोघांत एकच ठेवायचा ठरलं. कॉम्प्युटरवाला आला. टाय लावलेला, हातात काळी बॅग, आणि बोलणं असं की जणू दवाखान्यात मोठा डॉक्टर आला आहे. त्याने भिंतीवरून वायर फिरवली, एका टोकाला बेनचं मशीन, दुसऱ्या टोकाला मेहताजींचं. मध्ये एक चपटा डबा लागतो म्हणाला. तो डबा ठेवायला त्याला जागा हवी होती आणि जवळ बोर्ड हवा होता. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि देवाच्या फळीवर एका कडेला ठेवून दिला. प्लग दिव्यांच्याच बोर्डात खोचला.

संध्याकाळी मी बघितलं तर ठाकोरजींच्या पायाशी छोटे छोटे हिरवे दिवे. एक स्थिर, दोन लुकलुकणारे. मला वाटलं, शेठने देवाला नवी रोषणाई आणली. नव्या मशीनच्या मुहूर्ताची असेल. छानच दिसत होती. मी फडक्याने तो डबा पुसला आणि त्यालाही कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेनने दणादण चलान काढल्या. टकटक टिरर्र करत प्रिंटर चालला. दुपारी जेवून आली, बटन दाबलं, काही नाही. परत दाबलं. काही नाही.

"मेहताजी, प्रिंटर बंद केला का?"

मेहताजींनी आपल्या मशीनवरून एक पान काढून दाखवलं. टिरर्र आलं. "मारामां तो चाले छे," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला ते कॉम्प्युटरवर खूश दिसले.

फोन झाला, कॉम्प्युटरवाला आला. बेनच्या मशीनसमोर बसला आणि बराच वेळ चकत्या घालून काढत राहिला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो म्हणत होता, "ड्रायवर खराब हो गया है."

मी चहा ठेवला आणि मोरीत आले. मनात म्हटलं, कुणाचा ड्रायव्हर?

चार वाजले. मी ठाकोरजींना उठवलं, दिवे लावले. थोड्या वेळात बाहेरून टिरर्र ऐकू आलं. कॉम्प्युटरवाला टाय सरळ करत म्हणाला, "देखा? ड्रायवर ठीक कर दिया." बेनने त्याला खारी बिस्किटं दिली.

पुढच्या दुपारी परत बंद. परत तो आला. परत ड्रायव्हर. चारच्या पुढे परत सुरू. तिसऱ्या दिवशी तेच. मेहताजींनी निदान केलं, "याला सुरतचं पाणी लागलं. जेवल्यावर आडवं होतं." सगळे हसले. आता आठवलं की वाटतं, त्या पूर्ण ऑफिसात खऱ्या कारणाच्या सगळ्यात जवळ तेच पोचले होते, आणि त्यांनाच ते कळलं नाही.

मला मात्र हसू येत नव्हतं. कारण ऑफिसात ड्रायव्हर एकच होता.

चहा देता देता माझ्या कानावर तुकडे पडायचे. एक दिवस कॉम्प्युटरवाला शेठना म्हणाला, "ड्रायवर पुराना है. नए के साथ चलता नहीं." आता शेठचं त्या महिन्यात नवा टेम्पो घ्यायचं चाललं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे नवा टेम्पो येणार आणि जुना ड्रायव्हर त्याच्याबरोबर चालणार नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ये ड्रायवर बीच में अटक जाता है." तेही खरंच होतं. हे उधना दरवाज्याजवळ चहाला अटकायचेच. मला नवल वाटलं ते एवढंच की टायवाल्याला हे कुणी सांगितलं. त्यात आदल्याच आठवड्यात यांनी पलसाण्याला मागे घेताना टेम्पोचा मडगार्ड खांबाला घासला होता. त्यांनी शेठला सांगितलं नव्हतं. फक्त मला सांगितलं होतं.

घरी गोडादऱ्याला आम्ही एका खोलीत राहायचो. भाकरी थापताना मी यांना सांगितलं.

"तुमले काढानी गोट चालू शे."

"कोन म्हने?"

"तो टायवाला."

"तो कोन माले काढनारा? तो तं कॉम्प्युटर दुरुस करस."

"शेठ त्याले रोज इचारस ड्रायव्हर कसा शे म्हनीसन. तो म्हनस, खराब शे, जुना शे, मझार अटकस."

हे हसले. "येडी शे तू." पण पुढची भाकरी त्यांनी हळूहळू खाल्ली, आणि हात धुताना म्हणाले, "मझार अटकस म्हने का?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ह्यांचा अवतार बदलला. सकाळी इस्त्रीचा शर्ट. टेम्पो धुऊन पुसून चकचकीत, मडगार्डची ती बाजू भिंतीकडे करून उभा. ऑफिसात पाय ठेवला की मेहताजींना एवढ्या मोठ्याने "जय श्रीकृष्ण!" म्हणायचे की म्हाताऱ्याचा पेन वहीवर घसरायचा. कॉम्प्युटरवाल्याला तर त्यांनी एकदा उठून खुर्ची दिली आणि त्याची बॅग जिन्यापर्यंत नेऊन दिली.

"तुमचा ड्रायव्हर फार सज्जन आहे हो," तो बेनला म्हणाला.

बेन म्हणाली, "सज्जन आहे तर बिघडतो कशाला?" तिला वाटलं, तो प्रिंटरबद्दल बोलतो आहे. मी मोरीत उभी होते, माझ्या हातून बशी निसटली.

असे सात-आठ दिवस गेले. दुपारी चलान निघायच्या नाहीत, टेम्पो चारपर्यंत खाली उभा, मार्केटचे व्यापारी फोन करून शेठला बोलायचे. शनिवारी शेठचा पारा चढला. दुपारचे पावणेदोन झाले असतील. ते केबिनमधून बाहेर आले, कमरेवर हात ठेवून कॉम्प्युटरवाल्याच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "बहु थयुं. जूनो ड्राइवर काढी नाखो. आजे ने आजे. नवो नाखो."

जुना काढून टाका, नवा घाला, आजच्या आज. एवढं गुजराती तर कुणालाही कळतं.

कॉम्प्युटरवाल्याने चार-पाच बटनं दाबली आणि म्हणाला, "निकाल दिया, शेठ. पूरा साफ. अब नया डालता हूँ."

मी खिडकीतून खाली बघितलं. आमचे हे टेम्पोच्या बोनेटवर फडकं मारत होते. त्यांना काढलं होतं आणि त्यांना माहीतही नव्हतं.

मला काय करावं सुचेना. शेठशी बोलायची हिंमत नव्हती. खाली जाऊन यांना सांगायची त्याहून नव्हती. गावाकडची जमीन दिरांनी पिकवायला घेतलेली, आणि टेम्पो सोडून यांना दुसरं काही येत नव्हतं. मी बोळात आले. फळीवर पडदा ओढलेला होता. दोन वाजत होते. ही वेळ नाही हे मला माहीत होतं, पण माणसाला दुसरं कोण असतं? मी पदराला हात पुसले, पडदा बाजूला केला आणि हळूच म्हटलं, "देवा, उठाले लावस, राग येऊ देऊ नको." आणि बटन दाबलं.

लाल दिवे लागले. हिरवे दिवे लागले. मी डोळे मिटले आणि हात जोडले.

बाहेर प्रिंटर सुरू झाला.

टिरर्र, टिरर्र, थांबेचना. बेनने वैतागून त्या दुपारी किती वेळा बटन दाबलं होतं कोण जाणे, एकच चलान पुन्हा पुन्हा येऊ लागली. बेन टाळ्या वाजवायला लागली. कॉम्प्युटरवाला उभा राहिला. "मैंने बोला था ना! नया ड्रायवर डाला और चल पड़ा!" शेठचा आवाज आला, "वाह! नवो ड्राइवर एकदम सरस छे!"

नवा ड्रायव्हर एकदम छान आहे. म्हणजे आलासुद्धा! त्याला जागा मिळालीसुद्धा! माझी प्रार्थना अर्धीही झाली नव्हती. तेव्हा मला काय झालं माहीत नाही. मी तशीच ओल्या पायांनी बाहेरच्या खोलीत गेले आणि शेठच्या समोर उभी राहिले. खाली बघितलं नाही. जे तोंडात आलं ते बोलले, मोठ्याने.

"शेठ, आमना ह्यासले नका काढू. जूनो ड्राइवर बहु सारो माणस छे. मझार अटकस तं मी सांगसू त्यासले, परत अटकनार नहीं. नवो केटलो पण सारो होय, आठ वर्षं गाडी कोनी चालाडी?"

खोलीत फक्त प्रिंटर बोलत होता. शेठनी माझ्याकडे बघितलं, मग बेनकडे. बेनने आधी तोंडावर हात ठेवला, मग टेबलावर डोकं ठेवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. मेहताजींनी चष्मा काढला आणि त्यांना असा ठसका लागला की मी सवयीने पाणी आणायला वळले.

"अरे बाई," शेठ म्हणाले, "या कॉम्प्युटरच्या आत एक ड्रायव्हर असतो. तो प्रिंटरला चालवतो. त्याला काढलं. तुमच्या माणसाला कुठे?"

मला खरं वाटेना. "आत?" मी म्हटलं.

"आत," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "सॉफ्टवेअर."

"आणि तो अटकतो?"

"तोच अटकतो."

माझे कान तापले. जमीन फाटली तर बरं असं वाटलं. आणि तेवढ्यात शेठची नजर बोळाकडे गेली. फळीवर दिवे लागलेले. "आ शुं? ठाकोरजीने कोणे जगाड्या?"

मी पळतच गेले आणि बटन बंद केलं. पडदा ओढला.

प्रिंटरने हातातलं पान संपवलं आणि तो गप्प झाला.

"अरे! फिर से?" कॉम्प्युटरवाला खाली बसला आणि डोक्याला हात लावला. "फिर से ड्रायवर गया!"

सगळे मशीनकडे बघत होते. एकटे मेहताजी माझ्याकडे बघत होते. ते उठले, धोतराचा सोगा सावरत बोळात आले आणि म्हणाले, "बाई, परत लावा."

"पण ते झोपलेत..."

"मी माफी मागतो त्यांची. लावा."

मी लावलं. टिरर्र.

"बंद करा."

बंद केलं. गप्प.

"लावा."

टिरर्र. तेव्हा मलाही कळलं. मी त्या हिरव्या दिव्यांकडे बोट केलं आणि म्हटलं, "हे... हे देवाचे नाहीत?"

शेठ आले, बेन आली, कॉम्प्युटरवाला सगळ्यांच्या मागून मान उंचावून बघत होता. डब्यावर आठ दिवसांचं कुंकू होतं. मेहताजींनी सगळ्यांकडे बघितलं आणि कोर्टातल्या जज्जसारखं सांगितलं, "ड्रायव्हर खराब नाही. ड्रायव्हर रोज ठाकोरजींबरोबर झोपत होता."

कॉम्प्युटरवाला चिडून म्हणाला, "ये हब का डिब्बा यहाँ भगवान के पास किसने रखा?"

"तमे," बेन म्हणाली.

त्याने बॅगेतून पक्कड काढली आणि नवा बोर्ड लावायला खाली वाकला. टाय मधे येत होता तो त्याने खिशात कोंबला.

इकडे चलान निघाल्याचा आवाज ऐकून आमचे हे जिना चढून वर आले. दारातच थांबले. सगळी माणसं देवाच्या फळीपाशी गोळा झालेली, बायको मधोमध लाल तोंड करून उभी, आणि यांना बघताच सगळे एकदम वळले. शेठ म्हणाले, "आवो, आवो, जूना ड्राइवर!"

यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातून टेम्पोची किल्ली काढली, चार पावलं आले, शेठच्या हातात दिली आणि हात जोडले. "काही चुकलं असेल तर माफ करा," असं साफ गुजरातीत म्हणाले. आठ वर्षांत तेवढं नीट गुजराती मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आता मात्र शेठला हसू आवरेना. बेनला तर बसावंच लागलं. शेठनी किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात परत टाकली, वरून थापटली, आणि चलानींचा गठ्ठा हातात दिला. "यातली एक घे, बाकीच्या फाड, सगळ्या सारख्याच आहेत. आणि पळ, मार्केट वाट बघतंय. तुला काढलं तर तुझी बाई मला ऑफिसातून काढेल."

हे काही न समजता माझ्याकडे बघत बघत खाली गेले.

त्यानंतर बरेच दिवस बेन मला म्हणायची, "भिंत बोलली, बाई, भिंत बोलली." आणि यांना सगळे जुना ड्रायव्हर म्हणायला लागले. नवा टेम्पो आला तोही त्यांनीच चालवला. मडगार्डचं मी आजही कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी टेम्पो लावून आम्ही घरी चालत निघालो. मेहताजींनी यांना खाली गाठून सगळी गोष्ट सांगितली होती, नक्कल करून.  लिंबायतचं फाटक आलं तेव्हा हे म्हणाले,

"तू शेठसंगे बोलनी? तोंडवर?"

"बोलनू."

"कोनती भाषामा?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवेना. थोडं इकडचं, थोडं तिकडचं, सगळंच आलं असेल.

"मंग शेठले समजनं कसं?" त्यांनी विचारलं.

"तुमले काढं नहीं ना?" मी म्हटलं. "मंग समजनं व्हई."